‘भारनियमन’वाल्या बनकर मॅडम

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शिकवणीच्या स्टाफरूममध्ये बसून फोनवर हळू आवाजात एक गाणं ऐकत होते. तेवढ्यात खडूने पांढरं झालेलं एक बोट माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि त्याने ते गाणं बंद केलं. मी वळून पाहिलं. सुती साडी, घट्ट बांधलेला अंबाडा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू मी टेबलावर पाय धुवत होते.

“कान काय भाड्यानं आणलेत का?” त्या म्हणाल्या. “मालकी हक्काचे असतील तर जपून वापर.”

या बनकर मॅडम. फिजिक्स शिकवायच्या. पुढच्या काही वर्षांत ते बोट मी अनेकांच्या फोनवर पडताना पाहिलं. विद्यार्थ्यांच्या, शिपायाच्या, एकदा तर प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या पालकांच्या. लग्नातले डीजे, चौकातले उड्डाणपूल, कॅफेमधली कॉफी, पुण्याची माणसं, पिशोरची माणसं, यातलं काहीही त्यांना पसंत नव्हतं. पिशोरची माणसं तर मुळीच नाही, कारण त्या स्वतः पिशोरच्या होत्या आणि ‘आतून बघितलेला माल’ असं म्हणायच्या.

आमच्या शिकवणीला तर त्या सर्कस म्हणत. ते खोटं नव्हतं. संभाजीनगरात, सिडकोच्या मुख्य रस्त्यावर आमचा मोठा फ्लेक्स होता. त्यावर गुणवंत मुलांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि आमच्या संचालकांचा फोटो दाराएवढा. खाली लिहिलं होतं, ‘यशाची खात्री’. मॅडम रोज आत शिरताना त्या फ्लेक्सकडे बघून म्हणायच्या, “या माणसाला बारावीत किती होते, ते कुणी विचारलंय का?”

पण या बाईचा एका गोष्टीवर जीव होता, आणि ती गोष्ट अशी होती की ऐकणाऱ्याला आधी हसूच यायचं. ‘भारनियमन’ नावाचं एक मराठी रॉक नाटक. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलेली गाणी. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या बनकर मॅडम मोकळ्या तासाला कानात इअरफोन खुपसून डोळे मिटून बसायच्या, आणि त्यांच्या चपलेचा अंगठा टेबलाच्या पायावर ताल धरायचा.

“तुम्हाला रॉक आवडतं?” मी एकदा विचारलंच.

“डोक्याला झिणझिण्या आल्या पाहिजेत बघ. झोप यायला घरी पंखा हाय की.”

हे नाटक त्यांना सापडलं त्याची गोष्ट त्या स्वतः सांगत नसत. त्यांची भाची वैशाली सांगायची. वैशालीची कसलीशी प्रवेश परीक्षा पुण्यात होती आणि सोबतीला आत्या गेली होती. केंद्राबाहेर पालक झाडाखाली बसून एकमेकांच्या पोरांचे मार्क काढत होते. ते ऐकून आत्याचं डोकं उठलं. समोर एक छोटं सभागृह होतं. आत पंखा असेल म्हणून त्या तिकीट काढून शिरल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याही निम्म्या रिकाम्या. कॉलेजातली पोरं-पोरी नाटक करत होती. वैशाली पेपर देऊन बाहेर आली तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती आणि आत्याचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने आत्या रस्ता ओलांडून आली. पेपर कसा गेला हेही तिने विचारलं नाही. म्हणाली, “वैशे, आत एक पोरगी आख्ख्या तालुक्याची लाइट घालवती.”

नाटकाची गोष्ट तेवढीच होती. तारा नावाच्या मुलीचा बाप वायरमन. तो खांबावरून पडून मरतो आणि त्याच्या जागी ताराला वीज उपकेंद्रात नोकरी लागते. तिचं लग्न ठरलंय कंत्राटदाराच्या मुलाशी. पुढे तिला कळतं की गावाची वीज बंद ठेवून कंत्राटदार ती आपल्या कारखान्याकडे वळवतोय. मंत्र्याच्या सभेत, कंत्राटदाराचा सत्कार चालू असताना, तारा मुख्य खटका ओढते. सगळीकडे अंधार. मग नोकरी जाते, लग्न मोडतं, आई बोलणं टाकते, गाव पाठ फिरवतं. शेवटी तारा एकटी रिकाम्या उपकेंद्रात बसून गाते. गिटार बंद, ड्रम बंद, माइकसुद्धा बंद. ‘उजेड सगळा तुम्ही वाटून घ्या, अंधार माझ्या नावावर करा.’ आणि नाटक संपतं.

“म्हणजे शेवट दुःखी आहे,” मी म्हणाले होते.

“दुःखी कुठाय?” त्या फिस्कारल्या. “पोरगी एकटी उरली अन् नाटक संपलं. कुणी तिच्यासाठी रडलं नाय, कुणी पदर पसरला नाय. मला लई बरं वाटलं.”

त्यांच्याबद्दल आम्हाला थोडंच माहीत होतं. त्यांचं लग्न सोयगावात झालं होतं, शेती आणि दुकान असलेल्या घरात. दुसऱ्याच वर्षी त्या एक ट्रंक घेऊन निघून आल्या. माहेरीही राहिल्या नाहीत. शहरात खोली घेतली, बी.एड. केलं, शिकवत राहिल्या. रीतसर काडीमोड कधी झालाच नाही. का निघून आलात, असं विचारणारे पुष्कळ होते. उत्तर ठरलेलं असायचं. “जमलं नाय. पुढं बोल.”

नाटक करणारी ती पोरं नोकऱ्यांना लागली आणि ‘भारनियमन’ बंद पडलं. मॅडमकडे त्याच्या एका प्रयोगाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग होतं. तेच त्या ऐकत असत. मग एके दिवशी आमचे गणिताचे कांबळे सर फोन घेऊन आले. कांबळे सर अतिशय शांत माणूस. वर्गातही इतक्या हळू बोलायचे की मुलांना मुकाट्याने ऐकावंच लागायचं. त्यांनी फोन मॅडमपुढे धरला. ‘भारनियमन’ नव्याने रंगभूमीवर. भव्य स्वरूपात. मोठा निर्माता, मोठं नेपथ्य, पुण्यात रविवारी दुपारचा प्रयोग.

“मोठा निर्माता?” मॅडम म्हणाल्या. “मग वाट लावली असंल.” पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिसरी म्हणजे सदफ, आमची बायोलॉजीची मॅडम. रोशनगेटची, हसरी, डब्यात नेहमी चार माणसांपुरतं आणणारी. मॅडम तिच्यावर सगळ्यात जास्त डाफरायच्या आणि तिच्याच डब्यातलं खायच्या.

चारही तिकिटं मॅडमनी काढली. “चला,” म्हणाल्या, “एकदा तुमचे कान साफ करून आणते.”

रविवारी पहाटे कांबळे सरांच्या गाडीतून निघालो. मॅडम पुढे बसल्या होत्या आणि वाळूज यायच्या आत त्यांनी नियम सांगून टाकले. नाटकात बोलायचं नाही. फोन बाहेर काढायचा नाही. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहायचं नाही, कारण तेलकट तोंडाने माणूस नाटक बघत नाही, ढेकर आवरत बसतो. नेवासा फाट्यावर चहा झाला आणि त्यांनी ते जुनं रेकॉर्डिंग गाडीत लावलं. आवाज फाटलेला, खुर्च्यांची करकर, मध्येच कुणाचा तरी खोकला.

“मॅडम, इसमें तो कोई खांसता बी है,” सदफ म्हणाली.

“तो खोकला ओरिजनल हाय,” मॅडम म्हणाल्या. “शिक जरा.”

सदफ खिदळली. खरं सांगायचं तर त्या प्रवासात मला त्या फाटक्या आवाजाची गोडी लागली. शिरूरच्या पुढे कुठेतरी तारा पहिल्यांदा खांबावर चढते ते गाणं आलं, आणि मॅडम खिडकीची काच खाली करून वाऱ्यात ते मोठ्याने म्हणायला लागल्या. आवाज भसाडा, सूर सगळे बाजूला. कांबळे सर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. या बाईला मी इतकं आनंदात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या नाट्यगृहाबाहेर निर्मात्याचा पुठ्ठ्याचा उंच पुतळा उभा होता. तोच नट, तोच निर्माता. कंत्राटदाराच्या मुलाची, म्हणजे ताराच्या होणाऱ्या नवऱ्याची भूमिका त्याने स्वतःकडे घेतली होती. चाळिशी कधीच मागे पडलेली, तरी गालावर विशीतलं हसू चिकटवलेलं. लोक रांगा लावून त्या पुठ्ठ्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होते. अत्तराचा घमघमाट, भरजरी कुर्ते, एकमेकांना ‘तू पण आलीस!’ म्हणून किंचाळणं. नाटकाला आले होते की साखरपुड्याला, कळत नव्हतं.

“या पुठ्ठ्याचा अभिनय बरा हाय,” मॅडम म्हणाल्या. “निदान हलत तर नाय.”

पडदा उघडला आणि मागे सिनेमाच्या पडद्याएवढा एलईडी दिसला. त्यावर विजेचे खांब, ढग, गरुड. गरुड कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तारा झालेली मुलगी चांगली गायची, पण ती गायला लागली की निर्माता कुठूनतरी यायचा आणि अर्धं गाणं घेऊन टाकायचा. मूळ नाटकात तीन-चार वाक्यं असलेल्या त्या पोराला आता दोन स्वतंत्र गाणी होती, एक स्वप्न होतं आणि एक पावसातला नाच होता. वायरमन बाप खांबावरून पडतो तेव्हा जुन्या नाटकात म्हणे फक्त ड्रमची एक थाप होती. इथे धूर आला, बाप पांढऱ्या कपड्यात वर गेला आणि वरून मुलीला आशीर्वाद देऊ लागला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाला टाळ्या.

मॅडम काही बोलत नव्हत्या. स्वतःचा नियम पाळत होत्या. मध्यंतरात मात्र म्हणाल्या, “शेवट बघा. शेवट असा हाय की त्याला यांना हात लावताच येणार नाय.”

त्यांनी हात लावला होता.

तारा रिकाम्या उपकेंद्रात बसली. दिवे मंद झाले. तिने पहिली ओळ म्हटली, आणि माझ्या शेजारी मॅडमचा श्वास थांबलेला मला जाणवला. दुसऱ्या ओळीला प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून मशाली आल्या. वीसेक माणसं नाचत, ढोल बडवत, मधल्या वाटेने रंगमंचावर चढली आणि त्यांच्या पुढे मुंडावळ्या बांधलेला निर्माता. त्याला पश्चात्ताप झाला होता. बापाचाही त्याने निषेध केला होता, एका ओळीत. गाव माफी मागत होतं, आई हळद घेऊन आली होती, एलईडीवर फटाके फुटत होते. ताराच्या अंगावर जादूने हिरवा शालू आला. लग्नाचं गाणं सुरू झालं आणि निर्मात्याने प्रेक्षकांना सांगितलं, आपापल्या मोबाइलचे दिवे लावा आणि आमच्यासोबत गा.

सगळं नाट्यगृह चमचमायला लागलं. सदफने फोन वर धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गाणं संपलं, टाळ्या थांबेनात. निर्मात्याने हात जोडले. “काही बोलावंसं वाटत असेल तर बोला,” तो माइकवर म्हणाला, “आज तुम्हीच आमचे समीक्षक.”

हे असं म्हणतात तेव्हा कुणी काही बोलायचं नसतं, एवढं सगळ्यांना कळतं. बनकर मॅडम उठल्या.

“ती लग्न करत नव्हती,” त्या म्हणाल्या.

माइक नव्हता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. टाळ्या विरल्या. निर्माता गोड हसला. “ताई, जुनं नाटक पाहिलेलं दिसतंय. ते फार लहान वर्तुळात चाललं. आज लोकांना आशा हवी असते.”

“आशा म्हणजे नवराच का?”

मागे कुठेतरी हशा पिकला. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका शालवाल्या गृहस्थांनी मागे वळून “बसा हो” म्हटलं. निर्मात्याचं हसू तसंच होतं, फक्त त्यातली हवा गेली होती. “ताई, तुमच्या मताचा आदर आहे,” तो म्हणाला.

“आदर नको. तिला एकटी बसू द्या तेवढी.”

एवढं बोलून त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मागोमाग आम्ही, माना खाली घालून.

गाडी परत नगर रस्त्याला लागली. कुणी तरी काही तरी बोलायला हवं म्हणून सदफ म्हणाली, “मॅडम, सच बोलूं? मेरे को तो अच्छा लगा. आखिर में रोना आ गया.”

मॅडमनी मागे वळून पाहिलं. “रडलीस? त्या मुंडावळ्या बघून? बायोलॉजी शिकवतीस तू. मेंदू कुठं असतो ते पोरांना पुस्तकातच दाखवत जा मग.”

हे नेहमीचं डाफरणं नव्हतं. सदफचा चेहरा उतरला. ती एरवी हसून सोडून द्यायची, पण त्या दिवशी नाही. “मेरी शादी को बारा साल हुए, मैं खुश हूं,” ती म्हणाली. “शादी देख के रोई तो क्या गुनाह किया? तुमको हर चीज में खोट दिखती. इसीलिए तुमारे पास कोई टिका नै आज तक.”

बोलून झाल्यावर तिनेच तोंडावर हात ठेवला.

शिरूरचं बसस्थानक आलं. “कांबळे, थांबवा गाडी,” त्या म्हणाल्या. कांबळे सरांनी “मॅडम, असू द्या ना” म्हटलं. मॅडमनी दार उघडायला सुरुवातच केली म्हणून सरांना थांबावं लागलं. मी उतरून त्यांच्या मागे धावले. त्या संभाजीनगरच्या बसच्या दाराशी उभ्या होत्या. “ती चूक बोलली नाय,” मला म्हणाल्या. “पण मला आत्ता तिच्याबरोबर बसता येणार नाय. तू जा.” बस निघाली. तिच्या मागेमागे आमची गाडी नगरपर्यंत होती. मागच्या सीटवर सदफ रडत होती, पण आता नाटकासाठी नाही.

पुढचे कितीतरी दिवस दोघी एका स्टाफरूममध्ये बसून एकमेकींकडे बघत नव्हत्या. सदफचा डबा आता एका माणसापुरता यायला लागला. दरम्यान, मॅडमचं ते ‘आशा म्हणजे नवराच का?’ कुणीतरी फोनवर टिपलं होतं. ते सगळीकडे फिरलं. निम्मे लोक ‘ताई, जिंकलंत’ म्हणत होते, उरलेले या बाईला कुणी पदरात घेतलं नसेल म्हणून हळहळत होते. ज्यांना शेजारच्याचं नाव माहीत नाही, त्यांना मॅडमच्या संसाराची काळजी लागली होती. आमचे संचालक आधी घाबरले, मग चौकशीला येणारे पालक वाढलेले बघून खूश झाले. ‘निर्भीड शिक्षिका’ म्हणून मॅडमचा फ्लेक्स लावू म्हणाले. “आधी लॅबमधला पंखा लावा,” मॅडम म्हणाल्या.

तो व्हिडिओ सोयगावलाही पोचला.

एका दुपारी संचालकांच्या केबिनमध्ये एक वयस्कर, वाळलेले गृहस्थ येऊन बसले. डोक्यावर टोपी, सोबत पुतण्या. हे मॅडमचे यजमान. संचालकांना तर हर्ष मावेना. त्यांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं, मॅडमना वर्गातून बोलावलं आणि मला, सदफला उगाच साक्षीदार म्हणून दाराशी उभं केलं. एखादं तोरण जवळ असतं तर तेही बांधलं असतं या माणसाने.

“झालं गेलं इसरून जा,” ते गृहस्थ म्हणाले. वाईट माणूस वाटत नव्हता. “आता दोघंबी म्हातारे झालो. चला घरी.”

मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. “तब्येत काय म्हणती?”

“शुगर हाय. गुडघे धरलेत.”

“स्वयंपाकाला कोण असतं?”

“ह्याची बायको करती. पर आता हे दोघं पुण्याला चाललेत, कंपनीत.” पुतण्या छताकडे बघायला लागला.

“कधी चाललेत?”

“पुढच्या महिन्यात.”

मॅडमनी मान हलवली, फळ्यावरचं गणित सुटल्यासारखी. “मग बाई लावा कामाला. सोयगावात मिळती. अन् गुडघ्याचं तेल इथनं घेऊन जा, गुलमंडीवर चांगलं मिळतं.”

संचालक मध्ये पडले. “मॅडम, इतक्या वर्षांनी ते स्वतः आलेत...”

“व्हय. म्हणून चहा देते.”

त्यांनी खरंच चहा मागवला. यजमानांच्या बशीत स्वतः ओतून दिला. मग त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला बसस्थानक सांगितलं आणि “जपून जा” म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. परत आल्या तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन शिपाई दारात उभा होता. “पोरांना वाट,” त्या म्हणाल्या. “कारण विचारलं तर सांग, संचालकसाहेबांच्या हाती काय लागलं नाय.”

मग त्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. सदफने पाण्याचा ग्लास आणून पुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

“मॅडम,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “वो दूल्हा आखिर में नै आना चाहिए था.”

मॅडमनी पाणी संपवलं. “उशिरा कळलं,” म्हणाल्या, “पण शिकवणीत नापास नाय करत मी कुणाला. डब्यात काय हाय?”

डब्यात त्या दिवशी नान-खलिया होता, एका माणसाचा. दोघींनी खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. सकाळी वर्गाला आल्या नाहीत, असं कधी झालं नव्हतं, म्हणून कांबळे सर त्यांच्या खोलीवर गेले. झोपेतच गेल्या होत्या. पिशोरहून त्यांचा भाऊ, भावजय आली, पुण्याहून वैशाली आली. सोयगावलाही कुणीतरी कळवलं होतं. यजमान पुतण्याच्या आधाराने येऊन अंगणात खुर्चीवर बसले.

आतल्या खोलीत बायकांची गर्दी होती. भावजयीने पिशवीतून हिरवी साडी काढली, हिरव्या बांगड्या, कुंकवाची डबी, नवं मंगळसूत्र. “नवरा जिता हाय,” त्या म्हणाल्या. “सवाष्ण गेली. नशीबवान म्हणायची. भरल्या मळवटानं जाऊ द्या.” शेजारच्या बायका हळहळत मान हलवत होत्या. हयातभर तोंड उघडून स्वतःचं म्हणणं सांगितलेल्या बाईचं तोंड मिटायला वेळ नाही झाला, तोच यांनी तिला नटवायला काढलं होतं. मी उठले, पण माझ्या आधी दारातून आवाज आला.

“नको, भाभी.”

सदफ होती. चपला काढून ती आत आली आणि मॅडमच्या उशाशी बसली. भावजयीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्हाला काय माहीत आमच्यातलं?”

“तुमच्यातलं नाही माहीत,” सदफ मराठीत, जपून, एकेक शब्द जुळवत म्हणाली. “यांचं माहीत आहे.”

मग वैशालीने आईच्या हातातली हिरवी साडी घेतली, नीट घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली. कपाटात वर एक गव्हाळ रंगाची सुती साडी होती, इस्त्री केलेली. ती आम्ही तिघींनी नेसवली. कपाळ कोरंच ठेवलं. भावजय भिंतीशी बसून रडत राहिली. ते रडणं खरं होतं.

बाहेर तिरडी उचलली गेली. एका बाजूला भाऊ आणि वैशाली, दुसऱ्या बाजूला शेजारचे एक गृहस्थ आणि कांबळे सर. गल्लीच्या तोंडाशी यजमान पुतण्याचा हात सोडून, गुडघे ओढत पुढे आले आणि कांबळे सरांच्या खांद्याला हात लावून उभे राहिले. जागा मागत होते. रीतीने ती त्यांचीच होती. सगळे थांबले.

कांबळे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“राहू द्या बाबा,” ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. “मला काही जड होत नाही.”

आणि चालायला लागले.